अक्षयनीवी : वारसा जपणाऱ्या माणसांसाठी निधी

ऐतिहासिक वारशाच्या जतनाचा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांपुढे चिरे, चुना आणि सागवानी खांब उभे राहतात. निधी हवा तो वास्तूसाठी, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु चुन्याचा गिलावा जाणणारा गवंडी, शिलालेख वाचणारा अभ्यासक, जुन्या कागदपत्रांवर उपचार करणारा तंत्रज्ञ ही माणसे तयार व्हायला वर्षे लागतात. त्या वर्षांत त्यांच्या शिक्षणाची आणि निर्वाहाची सोय कोणी करावी, व कशी करावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या प्रश्नाला आधुनिक अनुदान-योजनांची उत्तरे आहेतच. पण त्याचा पहिला धडा आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे.

दोन हजार कार्षापणांचा हिशेब

त्रिरश्मी डोंगरावरील २४ लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा प्राकृत लेख आहे. त्यात वर्ष ४२ चा निर्देश आहे. उषवदाताने लेणे दान केले, परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. लेण्यात राहणाऱ्यांसाठी त्याने ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी', म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव ठेवली. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतविली. २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज खर्चावयाचे, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले.

आता हिशेब पाहा. २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे. वीस बारे दोनशे चाळीस! एक कार्षापण कमी नाही की अधिक नाही. दात्याने आधी गरज मोजली आणि मग ठेवीची रक्कम ठरविली. शिवाय हे सर्व निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविले. उद्देश निश्चित, मुद्दल सुरक्षित आणि व्यवहार जाहीर, अशी ही तीन सूत्रे आहेत. आजच्या कोणत्याही न्यासाच्या घटनेत ती शोभून दिसतील.

दानाची फेरतपासणी

चौथे सूत्र तिसऱ्या लेण्यात सापडते. नहपानाचा पराभव केल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत आपल्या राज्यवर्ष १८ मध्ये तेथील भिक्षूंना दिले. पुढे वर्ष २४ मध्ये त्याने आणि राजमातेने गोवर्धनच्या अमात्य श्यामकाला आज्ञा पाठविली. तिचा आशय असा : पूर्वी ककडी गावी दिलेले शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील आमच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत. दान कागदावर राहिले, प्रत्यक्ष उपयोगी पडले नाही, हे राजाने मान्य केले आणि त्यात बदल केला. अनुदान मंजूर झाले म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी हा लेख अवश्य वाचावा.

भाऊ दाजी आणि भगवानलाल

हे लेख आज आपण वाचू शकतो, यामागेही एका विद्यार्थ्याला मिळालेले पाठबळ आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला आपल्याकडे आणले आणि शिलालेखांचे ठसे घेण्यासाठी देशभर हिंडविले. हा खर्च कोणत्याही खात्याचा नव्हता. एका डॉक्टरने विद्येच्या ओढीने उचललेला होता. भाऊ दाजी १८७४ साली निवर्तले. पुढे १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्ये पांडवलेण्यांच्या लेखांवर भगवानलालांचे जे लेखन आले, ते आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. भाऊ दाजींनी एक लेणे दुरुस्त केले असते, तर एक लेणे टिकले असते. त्यांनी एक माणूस घडविला आणि अनेक लेणी बोलू लागली.

आजच्या सोयी

स्वातंत्र्योत्तर काळात अशा सोयी वाढल्या. सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा १९७६ साली लखनौ येथे निघाली. तेथे संरक्षणतंत्राचे प्रशिक्षण मिळते. १९८४ साली 'इन्टॅक' ही संस्था स्थापन झाली. १९९६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सांस्कृतिक निधी स्थापन केला. वास्तूंच्या जतनाबरोबर तज्ज्ञ तयार करणे हेही त्याच्या उद्दिष्टांत आहे. परदेशी साहाय्याचेही एक बोधप्रद उदाहरण आहे. कलकत्त्यात व्यापार केलेल्या चार्ल्स वॉलेस यांचे १९१६ साली निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रातील संपत्तीतून १९८१ साली एक न्यास उभा राहिला आणि त्यातून अनेक भारतीयांना कला व वारसा-संरक्षणाच्या अभ्यासासाठी ब्रिटनमध्ये जाता आले. इंग्लंडातली ही अक्षयनीवीच म्हटल्यास वावगे ठरू नये.

आपल्या परिसरात अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. नाण्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला नाशिक सोडून दूर जावे लागत नाही, ही भाग्याची गोष्ट आहे.

तरीही उणीव राहतेच. मोठ्या शिष्यवृत्त्या बहुधा पदवीधर वास्तुविशारदांपर्यंत पोहोचतात. १७५६ सालच्या सुंदरनारायण मंदिरासारख्या वास्तूच्या चिऱ्यांना हात घालणारा पाथरवट, सरकारवाड्यासारख्या वाड्यातील लाकूडकाम ओळखणारा सुतार, घरोघरच्या पेट्यांतील मोडी दप्तरे वाचू शकेल असा कला शाखेचा विद्यार्थी, यांच्यासाठी इंग्रजी अर्ज आणि शिफारसपत्रे हा अवघड घाट ठरतो.

आपण काय करावे?

महाविद्यालयाने माजी विद्यार्थ्यांच्या साह्याने १ लाख रुपयांची ठेव ठेवली आणि तिला शेकडा ६ व्याज मिळाले, असे धरू. वर्षाला ६००० रुपये येतील. त्यांतले २००० मुद्दलात मिळवावेत, कारण महागाईमुळे नुसते न मोडलेले मुद्दलही झिजत जाते. हा धडा उषवदाताच्या लेखात नाही, तो आपल्या काळाचा आहे. उरलेल्या ४००० रुपयांतून दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या मोडी वर्गाला, नाणकशास्त्राच्या कार्यशाळेला किंवा प्रवासखर्चाला हातभार लावता येईल. त्याने परत येऊन आपल्या गावातील एक दप्तर, एक वीरगळ किंवा एक बारव यांची नोंद करून ग्रंथालयात द्यावी. हिशेब दरवर्षी सूचनाफलकावर लावावा, आणि दर पाच वर्षांनी शेत खरोखर कसले जात आहे की नाही, हे पाहावे.

रक्कम लहान आहे, हे खरे. पण एका भिक्षूच्या वाट्याला वर्षाला बाराच कार्षापण येत होते. विणकरांच्या त्या श्रेणी आज नाहीत, क्षत्रपही नाहीत. आज त्रिरश्मीवर गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना तो हिशेब मुळातून वाचता येईल? ही संख्या दरवर्षी एकाने वाढली, तरी त्या ठेवीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.