तांदळाच्या कुरकुरीत आवरणातील मासा

भात आणि मासा ही जोडी कोकणाप्रमाणेच व्हिएतनाममध्येही घरोघरी आहे. तेथील मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात भातखाचरे, कालवे आणि तळी एकमेकांना लागूनच असतात. आपण ज्याला मरळ म्हणतो तो मासा तेथील शेतकरी भाताच्या पेंढ्यात भाजतात आणि तांदळाच्या पातळ कागदात हिरव्या पाल्याबरोबर गुंडाळून खातात. हाच कागद गुंडाळून तेलात तळला की कुरकुरीत होतो. तळलेल्या गुंडाळ्यांत तेथे बहुधा डुकराचे मांस, कोळंबी किंवा खेकडा असतो. येथे माशाची सोपी पद्धत दिली आहे.

कागद कसा बनतो?

तांदूळ भिजवून वाटतात व पातळ पीठ करतात. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बांधलेल्या कापडावर ते पसरून वाफवतात. तयार झालेला पापुद्रा बांबूच्या काडीने उचलून बांबूच्या तट्ट्यावर उन्हात वाळवतात. तट्ट्याची वीण कागदावर उमटलेली दिसते. आपल्या तांदळाच्या फेण्या याच कुळातल्या. फरक इतकाच की, फेणी वाळल्यावर थेट तळतात, तर हा कागद ओला करून, गुंडाळून मग तळतात. शहरातील मोठ्या दुकानांत तो राईस पेपर या नावाने मिळतो.

मासा कोणता घ्यावा?

मरळ, जिताडा, सुरमई किंवा बासा घ्यावा. रोहू, कटला यांच्या मांसात बारीक काटे असतात. आवरणामुळे ते दिसत नाहीत आणि लहान मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असतो. म्हणून हे मासे या पदार्थासाठी वापरू नयेत. मासा पकडल्याबरोबर बर्फात ठेवावा. बर्फाचे प्रमाण माशाच्या वजनाइतके असावे.

साहित्य (चार जणांसाठी)

बिनकाट्याचा मासा ४०० ग्रॅम, तांदळाचे कागद ८, आले-लसूण वाटण २ चमचे, गवती चहाच्या बुडख्याचा पांढरा कोवळा भाग बारीक चिरून १ चमचा, मिरपूड अर्धा चमचा, मीठ, कोथिंबीर, साखर अर्धा चमचा, तेल.

कृती

१. माशाचे बोटभर लांब व सुमारे दीड सें.मी. जाड असे ८ तुकडे करावेत. धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे टिपावेत.

२. वाटण, गवती चहा, मिरपूड व मीठ चोळून १५ मिनिटे ठेवावे. पाणी सुटल्यास पुन्हा टिपून घ्यावे.

३. पसरट ताटात कोमट पाणी घेऊन त्यात साखर विरघळवावी. त्यामुळे आवरणाला सोनेरी रंग येतो. एक कागद ५ ते १० सेकंद बुडवून लगेच बाहेर काढावा. तो किंचित कडक असतानाच काढावा, पाटावर ठेवल्यावर आपोआप मऊ पडतो.

४. कागदावर कोथिंबीर व माशाचा तुकडा ठेवून दोन्ही बाजू आत दुमडाव्यात व घट्ट गुंडाळावे. आत हवा राहू देऊ नये. गुंडाळ्या एकमेकींना चिकटतात, म्हणून सुट्या ठेवाव्यात. पाच मिनिटे सुकू द्याव्यात.

५. पसरट तव्यात चार मोठे चमचे तेल मध्यम आचेवर तापवावे. गुंडाळीचे टोक तेलाला लावताच बुडबुडे आले पाहिजेत. जोडाची बाजू खाली ठेवून प्रत्येक बाजू ४ ते ५ मिनिटे तळावी. एका वेळी तीन-चारच गुंडाळ्या टाकाव्यात.

६. तयार गुंडाळ्या जाळीवर काढाव्यात. झाकण ठेवू नये.

चटणी

व्हिएतनाममध्ये बारीक मासे व मीठ लाकडी पिंपांत सुमारे वर्षभर मुरवून काढलेला रस वापरतात. तो नसल्यास लिंबाचा रस २ चमचे, साखर २ चमचे, पाणी ४ चमचे, ठेचलेला लसूण, चिरलेली मिरची व मीठ एकत्र करावे.

घ्यावयाची काळजी

आवरणातील पाणी उडून गेले तरच ते कुरकुरीत होते. ओला मासा, जास्त भिजलेला कागद किंवा थंड तेल यांपैकी एक जरी चूक झाली, तरी आवरण फाटते, तेल पिते आणि महागाचा मासा वाया जातो. ओलाव्यामुळे तेलही अंगावर उडते.

आवरण सोनेरी झाले म्हणजे मासा शिजलाच असे समजू नये. पहिली गुंडाळी मधोमध कापून पाहावी. मांस अपारदर्शक होऊन पाकळ्या सुटत असतील तर ते शिजले. गोड्या पाण्यातील माशात, विशेषतः मरळीत, परजीवी असू शकतात. तो अर्धकच्चा खाऊ नये.

महिला बचत गटांनी जत्रेत वा प्रदर्शनात हा पदार्थ विकायचा असल्यास मासा कापून, बर्फात ठेवून न्यावा. गुंडाळणे व तळणे गिऱ्हाइकासमोरच करावे. आधी तळून डब्यात भरलेल्या गुंडाळ्या वाफेने मऊ पडतात आणि एकदा फसलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.