माणदेशी एक्सप्रेसचे पस्तीस अडथळे

(मामा साताऱ्यात क्रीडाशिक्षक. भाची सांगलीत कॉलेजला, रग्बीच्या संघात विंगला खेळते.)

भाची : मामा, विंगला वेग गेला की खेळ संपला, असं सगळे म्हणतात. मग मी नुसती शंभर मीटरच पळत राहू का?

मामा : रग्बीतलं मला फार कळत नाही. पण 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तुमचं रग्बी परत आलं, सातजणांचं, तिथंच आपल्या जिल्ह्यातली ललिता बाबर, आपली ‘माणदेशी एक्सप्रेस’, पळाली. तिचं करिअर नीट बघ.

भाची : स्टीपलचेसवाल्या ललिताताई? मोहीच्या?

मामा : हो, माण तालुक्यातलं मोही. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माणला पाचशेचीही खात्री नाही. शेतकऱ्याचं घर. पोरगी आधी खो-खो खेळायची.

भाची : खो-खोतून थेट ऑलिंपिक?

मामा : थेट कुठलं! लांब पल्ल्याला वळली, रेल्वेत नोकरी लागली. 2012, 2013, 2014 अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. इथंच थांबली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण पंचविशीत तिनं स्टीपलचेस धरली. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव तिचे प्रशिक्षक होते. 2014 मध्येच इंचॉनच्या एशियाडला 9 मिनिटं 35.37 सेकंदांत ब्राँझ मिळवलं, राष्ट्रीय विक्रमासह.

भाची : स्टीपलचेसमध्ये नेमकं अवघड काय असतं? हर्डल्ससारखंच ना ते?

मामा : अजिबात नाही. हर्डलला पाय लागला की ते पडतं. इथला अडथळा म्हणजे जाड लाकडी तुळई, पाय आपटला तर तूच पडणार. महिलांसाठी उंची 76.2 सेंटिमीटर. तीन हजार मीटरमध्ये असे 28 अडथळे आणि वर सात पाण्याच्या उड्या. पाण्याची उडी जवळून बघितलीस की कळेल. अडथळ्याला लागूनच पाण्याचा खड्डा, उडीच्या दिशेनं 3.66 मीटर लांब. अडथळ्याशी सगळ्यात खोल, पुढं पुढं उथळ होत जाणारा. बऱ्याच जणी तुळईवर एक पाय ठेवतात, त्याच पायानं मागं रेटतात आणि जमेल तेवढं लांब, उथळ पाण्यात दुसरा पाय टाकतात. उडी वर गेली तर खोल पाण्यात पडायला होतं, गुडघ्याला दणका बसतो आणि लय मोडते. हे सातदा, दरवेळी आधीपेक्षा दमलेल्या पायांनी. आणि आजूबाजूला घोळका असतो, समोरचा अडथळा उशिरा दिसतो. तेवढ्यात पाऊल आखूड करायचं की लांब, हे ठरवावं लागतं.

भाची : म्हणजे खो-खो कामाला आला!

मामा : माझं तरी तेच मत आहे. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की माघार नाही, पळणाऱ्याला मात्र कुठंही वळता येतं. त्या खेळात पाऊल बदलायची सवय लहानपणीच लागते. दम तिला मॅरेथॉननं दिला. जानेवारी 2015 मध्ये ती मुंबईत 2 तास 38 मिनिटं 21 सेकंदांत पूर्ण मॅरेथॉन पळाली, किलोमीटरला पावणेचार मिनिटं. त्याच वर्षी वुहानला आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण, आणि ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत आठवी. एकाच वर्षात मॅरेथॉन आणि स्टीपलचेस दोन्ही अशी करणारी धावपटू आपल्याकडं मी दुसरी बघितली नाही.

भाची : आणि रिओ?

मामा : 13 ऑगस्टला प्राथमिक फेरी. प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघी थेट अंतिम फेरीत, उरलेल्या सहा जागा वेळेवर. ललिता गटात चौथी, म्हणजे सगळी भिस्त घड्याळावर. वेळ आली 9 मिनिटं 19.76 सेकंद! तोवरची तिची सर्वोत्तम वेळ होती 9:27.09. सात सेकंदांहून जास्त सुधारणा, आणि तीही ऑलिंपिकमध्ये. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा चारशे मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर 32 वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय महिला दिसली.

भाची : पण अंतिम फेरीत दहाव्याच आल्या ना? वेळही जास्त लागला.

मामा : ‘दहाव्याच’ म्हणू नकोस, पोरी. 15 ऑगस्टला तिनं 9:22.74 वेळ दिली. जिंकली ती बहरीनची रूथ जेबेट, 8:59.75 मध्ये. अंतर मोठं आहे, मान्य. पण हिशेब कर. दोन दिवसांपूर्वी अंगातलं सगळं काढून पळालेली मुलगी परत उभी राहते आणि तोवरच्या आयुष्यातली दुसरी सगळ्यात वेगवान शर्यत पळते. पेपरात फक्त क्रमांक येतो, म्हणून हे लोकांच्या ध्यानात राहिलं नाही. मला ती फायनल त्या प्राथमिक फेरीइतकीच मोठी वाटते.

भाची : आता त्या काय करतात?

मामा : त्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढं राज्य सरकारनं उपजिल्हाधिकारी म्हणून घेतलं. रिओनंतर तेवढी मोठी शर्यत तिच्या नावावर नाही, पण तिथल्या प्राथमिक फेरीतल्या 9:19.76 चा राष्ट्रीय विक्रम सात वर्षं टिकला. 2023 मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीनं 9:15.31 वेळ देऊन मोडला.

भाची : मग माझं काय? शंभर मीटर सोडू?

मामा : सोडू नकोस, पण तेवढ्यावर थांबू नकोस. शाळेत तू खो-खो खेळायचीस ना? आठवड्यातले दोन दिवस परत पाटीवर उतर. कडेच्या रेषेजवळ अंगावर येणारीला चुकवताना सरळ वेग कामाला येत नाही, पाऊल बदलावं लागतं. आणि रविवारी लांब पळ. सामन्याच्या शेवटी शेवटी तुझे पाय जड होतात, हे मी मागच्या खेपेला सांगलीत पाहिलंय.

भाची : किती लांब?

मामा : आधी आठ किलोमीटर, बोलता येईल इतक्या संथ. पुढचं महिन्याभरानं ठरवू.