शिंपल्यातील एका विकर-कुळाची ओळख

वैनगंगेचे पाणी ओसरले की वाळूत शिंपले उघडे पडतात. ते भाजून चुना करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. परंतु हा चुना शिंपल्यात आला कोठून? त्या मऊ जीवाने कोणतीही भट्टी न पेटविता असे कठीण कवच कसे घडविले?

याचे उत्तर बऱ्याच अंशी एका विकरात, म्हणजे एंझाइमात, आहे. शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे आणि स्वतः खर्ची न पडणारे प्रथिन म्हणजे विकर होय. प्रस्तुत विकराचे नाव कार्बोनिक ॲनहायड्रेज. ते १९३३ साली प्रथम रक्तात आढळले. कार्बन डाय-ऑक्साइड वायू व पाणी यांपासून ते बायकार्बोनेट तयार करते. मनुष्याच्या रक्तातील या विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा ही क्रिया करू शकतो! शिंपल्यात या बायकार्बोनेटाचा कॅल्शियमशी संयोग होऊन कवच वाढते. १९९६ साली जपानी संशोधकांना मोत्याच्या कालवाच्या कवचात ‘नॅक्रीन’ नावाचे प्रथिन सापडले; त्याच्या ठायी हेच विकर गुंफलेले होते.

अशा विकराची कृती ज्यात लिहिलेली असते, ते जनुक. एकाच मूळ जनुकाच्या प्रती होत होत त्यांचे कुळ बनते. आपल्या जिल्ह्यात पटले, बिसेन, टेंभरे ही आडनावे ऐकताच माणसाचे कुळ कळते. जनुकाला आडनाव नसते, म्हणून खूण शोधावी लागते. येथे ती खूण म्हणजे जस्ताचा एक अणू धरून ठेवणारी तीन हिस्टिडिने. मोत्याच्या कालवाच्या जनुकसंचाचा मसुदा २०१२ साली प्रसिद्ध झाला. अशा संचात ज्ञात विकराशी जुळणारे जनुक संगणकाने हुडकतात, त्यांची अक्षरे एकाखाली एक मांडतात आणि साम्यावरून वंशवृक्ष काढतात. पेशीच्या आत काम करणारे, पेशीच्या पडद्यावर बसणारे आणि बाहेर स्रवणारे अशा शाखा मग दिसू लागतात.

येथे दोन ठिकाणी फसगत होते. वनस्पतींतील ‘बीटा’ गटाचे विकर हेच काम करते, पण त्याचा ‘अल्फा’ गटाशी मुळीच वंशसंबंध नाही. धंदा एक, कुळे निराळी. उलट, मनुष्याच्या अल्फा कुळातील पंधरांपैकी तीन सदस्यांनी जस्त धरण्याची खूणच गमावली आहे. ते कुळातले खरे, पण कामातून गेलेले. म्हणून केवळ साम्य पाहून ‘हे विकर कवच घडविते’ असे लिहिणे घाईचे होय. प्रयोगशाळेत त्याचे काम पाहिलेच पाहिजे.

ही केवळ नामकरणाची हौस नव्हे. या विकरातील जस्ताची जागा तांब्याने घेतली तर ते निकामी होते. मलाजखंड येथे तांब्याची आणि भरवेली येथे मँगनीजची खाण असलेल्या आपल्या जिल्ह्यात पाण्याच्या परीक्षेसाठी शिंपला हा उपयुक्त साक्षीदार ठरू शकेल. मात्र त्याच्या कुळातील कोणता सदस्य कोणते काम करतो, हे आधी ठाऊक हवे.

शिक्षकांनी वर्गात नदीकाठचा एक रिकामा शिंपला न्यावा (जिवंत शिंपला पाण्यातच राहू द्यावा) आणि त्यावर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे येतील. विकराने ज्याला कवचाच्या वाटेला लावले होते, तोच हा वायू.