पुठ्ठा वाकडा का होतो?

वार्षिक परीक्षा संपली की जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून नवी वही शिवण्याचा उद्योग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. शाळेत असताना मीही अशी एक वही बांधली. पुठ्ठ्याला खळ लावून रंगीत कागद चिकटवला आणि वही उन्हात ठेवली. संध्याकाळी पाहतो तो पुठ्ठा कौलासारखा वाकलेला! मी खळीला दोष दिला. पण दोष खळीचा नव्हता. कागदाचा स्वभावच मला ठाऊक नव्हता.

कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंचा थर. कारखान्यात पातळ लगदा धावत्या जाळीवर सोडतात, तेव्हा बरेचसे तंतू जाळीच्या गतीच्या दिशेने लांबट बसतात. या दिशेला आपण कागदाचा 'धागा' म्हणू. पाण्याने तंतू जाडीत २० ते ३० टक्के फुगतो. लांबीत मात्र जेमतेम १ ते २ टक्के वाढतो. म्हणून ओला कागद धाग्याच्या आडव्या दिशेने अधिक पसरतो. असा पसरलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो.

धागा कसा ओळखावा?

१. वर्तमानपत्र एकदा उभे व एकदा आडवे फाडा. ज्या दिशेने ते सरळ फाटते, ती धाग्याची दिशा.

२. एकाच कागदातून १५ सें.मी. लांब व २ सें.मी. रुंद अशा दोन पट्ट्या कापा. एक उभी, एक आडवी. त्या एकमेकींवर ठेवून एका टोकाशी आडव्या धरा. मग वरची पट्टी खाली घेऊन पुन्हा पाहा. जी पट्टी खाली असताना दुसरीपासून सुटून लोंबते, तिच्यात धागा आडवा आहे.

३. वहीच्या कागदाचा चौकोनी तुकडा पाण्यावर अलगद ठेवा. क्षणभरात त्याची सुरळी होऊ लागेल. सुरळीची लांबी धाग्याला समांतर असते. (असे का, ते तुम्हीच सांगा.)

बांधणी करताना

पुठ्ठा, आवरणाचा कागद आणि आतली पाने या सर्वांचा धागा वहीच्या शिवणीला समांतर ठेवा. पुठ्ठ्याचा धागा त्याला हाताने हलकेच वाकवून कळतो. धाग्याला समांतर घडी पडेल अशा रीतीने तो सहज वाकतो. खळ दाट करा व पातळ थराने लावा. मुख्य म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूसही कागद चिकटवा. मग दोन्हीकडचे ताण एकमेकांना तोलतात. वही उन्हात न ठेवता कोरड्या रद्दीच्या घड्यांत घालून वर पाटा ठेवा. रद्दी दमट झाली की बदला. एक रात्र धीर धरा.

आता एक प्रश्न. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकते. ते रुंदीत फुगते, उंचीत जवळजवळ नाही. का बरे? उत्तर तुमच्या वहीच्या पुठ्ठ्यातच आहे!