खिशातली आपत्कालीन डबी

प्रश्न : उंब्रजला कृष्णा-तारळीच्या संगमाजवळ राहतो. खिशात मावेल अशा आपत्कालीन डबीत काय ठेवावे?

उत्तर : बाजारातल्या तयार डब्यांत गळ, चकमक, ब्लेड असते; ती रानात हरवलेल्यासाठी. आपल्याकडचे संकट पुराचे आणि भूकंपाचे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप पहाटे, लोक झोपेत असताना झाला. म्हणून पहिला मान शिट्टीला. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा लवकर बसतो, शिट्टी थोड्या श्वासात दूर ऐकू जाते. मग छोटी बॅटरी, रोजच्या औषधांच्या तीन दिवसांच्या गोळ्या आणि ओआरएसची पुडी. ती एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवायची. मोबाइल असताना हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण पुरात वीज गेली, मोबाइलचे चार्जिंग संपले की त्यातले नंबरही हाती लागत नाहीत. ते कागदावर लिहून, रक्तगट आणि थोड्या सुट्या नोटांसह झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. तयार डबी घेतली असेल तर तिच्यातले ब्लेड मात्र काढाच. साप चावल्यावर जखम कापल्याने विष निघत नाही, रक्तस्राव वाढतो. पाय न हलवता 108 ला फोन करून रुग्णालय गाठणे हाच उपाय. आणि डबी कपाटात नको, उशाशी हवी. दरवर्षी मे महिन्यात गोळ्यांची मुदत आणि बॅटरीचे सेल तपासा.