मांजरानें जिवंत सावज घरांत आणिलें असतां काय करावें

ज्या घरांत धान्य आहे तेथें उंदीर येणारच, आणि जेथें उंदीर येतात तेथें मांजर असावें, ही आपल्याकडील जुनी चाल आहे व ती योग्यच आहे. परंतु मांजर पुष्कळदां उंदीर न मारतां जिवंतच तोंडांत धरून घरांत आणितें. त्या वेळीं घरचीं माणसें जी धांवपळ करितात तिच्यामुळें बाहेरचा उंदीर आंत कायमचा वस्तीस येतो. याकडे शेतकरी बंधूंनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें आढळत नाहीं.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. एका मार्गशीर्षांत दिवेलागणीस आमची मांजरी कडब्याच्या गंजीकडून उंदीर घेऊन आली. मुलांनीं आरडाओरडा केला, आम्हीं काठी उगारली, व मांजरी भिऊन नेमकी बियाण्याच्या खोलींत शिरली. तेथें तिनें तोंड उघडतांच उंदीर पोत्यांच्या थप्पीमागें गेला. एक उंदीर तो काय करणार, असें म्हणून आम्ही निजलों. पुढें वैशाखांत पेरणीसाठीं भुईमुगाच्या शेंगा काढावयास गेलों, तों खालच्या तीन पोत्यांत टरफलांवांचून कांहीं उरलें नव्हतें, व थप्पीमागें पिलांसह सारें कुटुंब नांदत होतें. उंदराची मादी गाभण राहिल्यापासून सुमारें 3 आठवड्यांत विते, हें आम्हांस ठाऊक होतें. कचेरींत असतांना उंदरांनीं दफ्तर कुरतडल्याचे अहवाल आम्हींच लिहीत असूं. तरीही स्वतःच्या घरीं शहाणपण सुचलें नाहीं.

मांजर असें कां करितें? तें धन्यास नजराणा आणितें असें कित्येक म्हणतात. आम्हांस हा अर्थ पटत नाहीं. व्यालेली मांजरी पिलांस आधीं मेलेलें सावज आणून देते, व पिलें वाढलीं म्हणजे जिवंत आणून त्यांच्यापुढें सोडते. शिकार शिकविण्याची ही तिची शाळा आहे. पिलें नसलीं तरी सावज निर्भय जागीं नेऊन मग त्याचा निकाल लावावा, ही खोड त्या जातींत मुरलेली आहे, आणि घराइतकी निर्भय जागा त्यास दुसरी नाहीं. शिवाय उंदीर चावरा असल्यामुळें मांजर त्यास वारंवार सोडून पंजानें दमवितें, मगच मानेस चावतें. आपण ज्यास खेळ म्हणतों तो बराचसा स्वतःचें तोंड वांचविण्याचा उपाय होय. तेव्हां त्यास मारणें व्यर्थ आहे. आरडाओरडा झाला म्हणजे सावज कोणी हिसकूं पाहतो असें समजून तें अधिकच आंत पळतें.

म्हणून मांजर तोंडांत कांहीं हालतें धरून उंबऱ्याशीं दिसलें कीं प्रथम सर्वांनीं गप्प बसावें. आंतलीं दारें, विशेषतः धान्याच्या खोलीचें, लावून घ्यावीं, फटींस गोणपाटाची वळकटी घालावी, व बाहेरचें दार सताड उघडें ठेवावें. एवढें केलें तरी कित्येक वेळां मांजर आपण होऊन सावजासह अंगणांत परततें. त्याच्या तोंडांतून सावज ओढूं मात्र नये. अशा वेळीं गरीब मांजरही चावतें, व त्याचा बारीक दांत खोल जाऊन वरची जखम मिटते आणि आंत पू धरतो. चावल्यास जागा वाहत्या पाण्यानें व साबणानें 15 मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा, कारण रेबीज मांजरापासूनही होतो.

उंदीर सुटलाच, तर आधीं मांजरास दुसऱ्या खोलींत कोंडावें. हें उलटें वाटेल, पण मांजर समोर असेपर्यंत उंदीर आडोसा सोडीत नाहीं. उंदीर मोकळ्या जमिनीवरून न जातां भिंतीच्या कडेनें चालतो. तेव्हां तो दडला असेल तेथें भिंतीलगत, सुमारें 4 इंच रुंदीचा हातभर लांब प्लास्टिकचा पाईप आडवा ठेवावा, व त्याच्या दूरच्या टोकास पोत्याचें तोंड दोरीनें आवळून बांधावें. मग दुसऱ्या बाजूनें काठीनें हळूच टकटक करावें. अंधारी वाट दिसतांच उंदीर पाईपांत शिरतो व पोत्यांत जातो. पोत्याची मान लगेच पिरगाळावी, व पुढचें काम लांबवूं नये, कारण गोणपाट तो कुरतडतो. असा उंदीर शेजाऱ्याच्या बांधावर सोडणें ही भूतदया नव्हे. काठीच्या एका घावानें त्याचा शेवट करून खोल पुरावा. हातून निसटल्यास त्याच रात्रीं भिंतीलगत पिंजरा लावावा.

मेलेल्या उंदरासही उघडा हात लावूं नये. उंदराच्या मुतांतून लेप्टोस्पायरोसिस हा ताप माणसास होतो, व भाताच्या चिखलांत काम करणारांस त्याचा धोका विशेष असतो. प्लेगच्या पिसवा तर मेलेल्या उंदराचें अंग थंड होतांच त्यास सोडून दुसरें ऊबदार अंग शोधितात. पिसू हीच प्लेगची वाहक, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनें 1898 सालीं कराचींत दाखविलें. 1994 सालीं बीड जिल्ह्यांत ती सांथ दिसली, तेव्हां ही गोष्ट केवळ आजोबांच्या काळची समजूं नये.

आणखी एक खूण ध्यानांत ठेवावी. मांजरानें आणिलेला उंदीर अंगावर जखम नसतां सुस्त असेल, दिवसाढवळ्या सांपडला असेल, तर त्यानें विष खाल्लें आहे असा संशय घ्यावा. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच न मरतां कांहीं दिवस झिंगल्यासारखा फिरतो, व मांजरास आयता मिळतो. असे उंदीर खाऊन मांजराच्या अंगांत रक्तस्राव होऊन तें दगावतें. वेळीं पशुवैद्याकडे नेल्यास के जीवनसत्त्वाच्या औषधानें तें वांचूं शकतें. ज्यानें विष ठेविलें त्यानें शेजाऱ्यांस कळवावें, एवढी रीत गांवोगांव पडेल तर किती बरें होईल!

सर्पाची गोष्ट निराळी आहे. मांजर लहान सर्पही जिवंत आणितें. तो कवड्या कीं मण्यार हें दिव्याच्या उजेडांत ठरवीत बसूं नये. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाहीं, खूणही क्वचित् दिसते, व माणूस निजलेलाच राहतो. माणसांनीं बाहेर यावें, दार लावावें, व सर्पमित्रास बोलवावें. अर्धमेला सर्प, किंबहुना तुटलेलें डोकेंही, कांहीं वेळ चावूं शकतें. दंश झाल्यास आवळपट्टी बांधूं नये, कापूं नये. तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालयांत जावें.

पाखरूं असल्यास त्यावर दुरडी पालथी घालून वरून फडकें टाकावें, म्हणजे तें अंधारांत शांत होतें. चोचींत पाणी ओतूं नये. मांजराचा दांत लागला असेल तर बाहेरून धड दिसलें तरी लाळेंतील जंतूंनीं तें दोन-तीन दिवसांत मरतें. अशास पशुवैद्यच हवा.

इंग्लंडांतील एक्सेटर विद्यापीठानें 2021 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, मांसयुक्त अन्न दिल्यानें व रोज थोडा वेळ खेळविल्यानें मांजरें घरीं कमी सावज आणितात, गळ्यांतील घुंगरानें मात्र विशेष फरक पडत नाहीं. आपणांस शिकार थांबवावयाची नसून तिची जागा तेवढी बदलावयाची आहे. यास्तव आम्हीं मांजरीचें खाणें व निजणें माजघरांतून काढून गोठ्यांत, गव्हाणीशेजारीं नेलें. मासळीचीं डोकीं तेथेंच मिळतात. आतां ती बहुतेक सावज तिकडेच नेते. गेल्या पावसाळ्यांत मात्र दोन वेळां ती घरांत शिरली, व दोन्ही वेळां तो पाईपच कामास आला. तो आम्हीं दारामागच्या खुंटीस टांगून ठेविला आहे.