संप्रेरकांची वेळ

कुरखेड्याच्या परिसरात पाऊस लांबला की धानाची रोवणी लांबते आणि पऱ्हे जागीच वाढून जून होतात. अशा पऱ्ह्यांना रोवणीनंतर फुटवे कमी येतात. मग कितीही खत घाला, नुकसान पुरते भरून निघत नाही. वाढीच्या प्रत्येक अवस्थेला तिची वेळ असते. प्राण्यांच्या शरीरातील ग्रंथींचेही तसेच आहे.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती पुरःस्थ म्हणजेच प्रोस्टेट ग्रंथी असते. तिची जडणघडण गर्भावस्थेत सुरू होते आणि ती संप्रेरकांच्या अल्प प्रमाणावर अवलंबून असते. या नाजूक काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक अवाजवी मिळाले तर काय होईल?

उंदराच्या पिलात ही ग्रंथी जन्मानंतरही घडत असते. म्हणून अमेरिकेतील शुक-मेई हो, गेल प्रिन्स व सहकाऱ्यांनी पिलांवर प्रयोग केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या दिवशी पिलांना बिस्फेनॉल-ए दिले. काही प्लॅस्टिकांत वापरले जाणारे हे द्रव्य इस्ट्रोजेनसारखे वागते. मात्रा होती दर किलोग्रॅम वजनाला अवघी १० मायक्रोग्रॅम. मोठेपणी या उंदरांना संप्रेरके दिली, तेव्हा सर्वांच्या ग्रंथीत कर्करोगाची पूर्वचिन्हे दिसली. मोठेपणी तीच संप्रेरके मिळालेल्या, पण लहानपणी बिस्फेनॉल-ए न मिळालेल्या उंदरांत हे प्रमाण ४० टक्के होते.

पेशींनी इतकी जुनी आठवण कशी जपली? जनुकावर मिथिल गट बसले की ते सहसा बंद राहते. एक विशिष्ट जनुक वयाबरोबर असे बंद व्हायचे असते. या उंदरांत ते चालूच राहिले. जनुकाची रचना तीच होती, फक्त त्याला कुलूप लागले नाही.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही नवजात नर पिलांना हेच द्रव्य देण्यात आले. मोठेपणी त्यांची प्रजननक्षमता घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन पूर्वी अनेक देशांत गर्भवतींना देत असत. त्यांच्या काही मुलींना तरुणपणी जननमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झाला, हे १९७१ मध्ये उघड झाले. मुलग्यांत मात्र पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही गरोदरपणी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही औषध घेऊ नये, हा धडा पक्का आहे.

विचार करा : बिस्फेनॉल-ए केवळ प्रौढ उंदरांना देऊन पाहिले, तर त्या प्रयोगातून कोणती नवी गोष्ट कळेल?